प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर: कट्ट्यावर कोणी न विचारलेला प्रश्न

आमच्या पुण्यातल्या सहकारनगरच्या कट्ट्यावर रोज सकाळी साडेसातला अवयवांची हजेरी होते. कोणाचा गुडघा, कोणाचा स्टेंट, कोणाचा मोतीबिंदू. माझं प्रोस्टेटच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याचीही रीतसर चौकशी झाली. रोबोटने केलं की पोट उघडून, बिल किती झालं, पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची ती रक्ततपासणी, आता किती. लघवी गळते का, हेसुद्धा एकाने आवाज खाली आणून विचारलं. त्याच्या पुढचा प्रश्न, नवरा-बायकोच्या शरीरसंबंधांचा, मात्र कोणी विचारला नाही. मग पुढच्या दोन वर्षांत त्याच कट्ट्यावरच्या तिघांनी, प्रत्येकाने मला एकटं गाठून, तो विचारला. एकाने पर्वतीच्या पायथ्याशी. एकाने फोनवर, "वहिनी जवळपास नाहीत ना?" अशी खात्री करून घेऊन.

मी डॉक्टर नाही. बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे, ऑपरेशन झालं तेव्हा ६२ वर्षांचा होतो. औषध कोणतं आणि किती, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. पण कोणत्या क्रमाने काय करायचं आणि मी कुठे माती खाल्ली, ते सांगू शकतो. सगळ्यात मोठी चूक आधीच सांगतो: ताठरता परत येईपर्यंत मी जवळीकही बंद ठेवली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी जेवढा संबंध आपण समजतो तेवढा नसतो.

काय जातं, काय राहतं

प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या खाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. लघवीची नळी तिच्या मधून जाते. या ऑपरेशनमध्ये ती अख्खी ग्रंथी काढतात, मागच्या वीर्याच्या पिशव्याही काढतात आणि मूत्राशय व नळी पुन्हा जोडतात. लिंगाला ताठरता आणणाऱ्या नसांचे दोन जुडगे या ग्रंथीला दोन्ही बाजूंनी चिकटून जातात. संत्र्याच्या फोडीवर पांढऱ्या शिरा असतात ना, तशा. फोड न फोडता त्या सोडवायच्या, असं ते नाजूक काम आहे.

या नसा नेमक्या कुठून जातात हे १९८०च्या आधी सर्जननाही नीट ठाऊक नव्हतं. अमेरिकेतले पॅट्रिक वॉल्श १९८१ साली हॉलंडमधल्या लायडन इथे पीटर डॉन्कर या निवृत्त प्राध्यापकांना भेटले. दोघांनी मिळून या नसांचा मार्ग शोधला आणि १९८२ साली वॉल्श यांनी मुद्दाम नसा वाचवून पहिलं ऑपरेशन केलं. त्याआधी ऑपरेशन झालं की ताठरता गेली, असंच धरून चालत. आपल्या पिढीला निदान आशा आहे, ती त्यामुळे.

आता हिशेब. वीर्य कायमचं जातं, कारण ते बनवणारे भागच काढलेले असतात. ताठरता काही काळासाठी जाते. काहींची पूर्ण परत येते, काहींची अर्धवट, काहींची येत नाही. इच्छा मात्र राहते, कारण पुरुषी हार्मोन मुख्यतः अंडकोषांत बनतं आणि अंडकोषांना कोणी हात लावलेला नसतो. कातडीची संवेदना राहते, आणि परमसुखाचा तो क्षणही राहतो, कारण त्याच्या नसा वेगळ्या. तो क्षण लिंग मऊ असतानाही येऊ शकतो आणि वीर्याशिवाय येतो. हे मला ऑपरेशननंतर सात महिन्यांनी कळलं. तेही अपघाताने.

ऑपरेशनची तारीख मिळाली की

आमच्या सर्जननी सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी विचारलं, "आणखी काही शंका?" मी म्हणालो, "नाही." शेजारच्या खुर्चीवरून ही म्हणाली, "आहे. नंतर आमचं कसं?" केबिनमध्ये दोन क्षण शांतता. मग डॉक्टर खुर्ची पुढे ओढून वीस मिनिटं बोलले. ते बोलायला तयारच होते, विचारणारं कोणी नव्हतं इतकंच.

तुम्ही विचारा: दोन्ही बाजूंच्या नसा वाचवता येतील का? एका बाजूला गाठ कडेपर्यंत पोचली असेल तर तिकडची नस काढावी लागते. तिथे हट्ट धरू नका. कर्करोग आत ठेवून वाचवलेल्या नसेचा काय उपयोग? नंतर किती परत येईल हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं: वय, आधीची स्थिती आणि नसा किती वाचल्या. मधुमेह, तंबाखू आणि रक्तदाब त्यात आपापला वाटा उचलतात.

आधीची स्थिती मोजायला पाच प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली असते, एकूण गुण २५. २२ किंवा त्याहून जास्त मिळाले तर उत्तम. ती ऑपरेशनच्या आधी प्रामाणिकपणे भरा. मी स्वतःला २४ दिले होते. हिने कागद बघितला आणि नुसतं "हं" म्हणाली. आधीच १५ असतील तर नंतर २४ची अपेक्षा धरून निराश होण्यात अर्थ नाही.

वय कमी असेल आणि मूल हवं असेल तर वीर्य गोठवून ठेवायची सोय आधीच विचारा, नंतर वीर्य येणारच नाही. आणि ओटीपोटाच्या तळाचा व्यायाम, ज्याला केगेल म्हणतात, तो आत्ताच शिका. आर्नल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरांनी तो १९४८ साली बाळंतिणींसाठी मांडला होता. चारचौघांत बसलेले असताना वारा रोखायला जो स्नायू आवळतो, तोच हा. पाच सेकंद आवळा, पाच सेकंद सोडा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, मांड्या आणि पोट आवळायचं नाही. जमतंय का ते कळत नसेल तर हे काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला दाखवा. मी महिनाभर भलताच स्नायू आवळत होतो.

नळी आणि पुढचे सहा आठवडे

घरी येताना लघवीसाठी बाहेरून घातलेली नळी (कॅथेटर) आणि पिशवी सोबत येते, साधारण एक ते दोन आठवडे. नळी असेपर्यंत केगेल बंद. नळी निघाली की सुरू. जड उचलायचं नाही. संडासला जोर लागू द्यायचा नाही. रात्री इसबगोल घेतलं तरी चालतं का, ते विचारा. दुचाकी पुणेकराचा प्राणवायू असली तरी डॉक्टर हो म्हणेपर्यंत तिच्यावर बसू नका. आमच्या भागातले गतिरोधक सीट कुठे दाबते हे फार स्पष्टपणे सांगतात.

डिस्चार्जच्या वेळी मला आहाराचा तीन पानी कागद मिळाला. वांगं खावं की नाही, हेही त्यात होतं. या विषयावर एक ओळ नव्हती.

लघवी गळणार. पहिले काही आठवडे पॅड लागतातच, बहुतेकांचं हळूहळू कमी होत जातं. त्या काळात मी वास येईल, गादी ओली होईल, या भीतीने हॉलमधल्या दिवाणावर झोपायला लागलो. आठवड्यासाठी म्हणून गेलो आणि पाच महिने तिथेच राहिलो. कोणी पाहुणा आला की म्हणायचो, "टीव्ही बघता बघता डोळा लागतो." तुम्ही हे करू नका. गादीवर वॉटरप्रूफ चादर घाला, वर साधी चादर, उशाशी एक टॉवेल, आणि आपल्या जागेवर झोपा.

नसांचं कॅलेंडर वेगळं असतं

वाचवलेल्या नसासुद्धा ऑपरेशनमध्ये ताणल्या जातात, बधिर होतात. त्या तुटलेल्या नसतात, पण कामालाही येत नाहीत. पूर्ववत व्हायला बहुतेकदा दीड ते दोन वर्षं लागतात, काहींना त्याहून जास्त. तिसऱ्या महिन्यात काहीच झालं नाही म्हणून "संपलं" असं समजणारे पुष्कळ. मी त्यांतला एक. पहिली खूण असते ती पहाटे किंचित भरल्यासारखं वाटणं. घाईत असलात तर लक्षातही येत नाही.

मग या मधल्या काळात काही करायचं का? निरोगी पुरुषाला झोपेत रोज रात्री तीन-चार वेळा ताठरता येते, तेव्हा तिथल्या पेशींना ताजं, प्राणवायूचं रक्त मिळतं. नसा झोपलेल्या असल्या की हेही थांबतं. पेशी आकसतात, लांबी थोडी कमी झालेली जाणवते, क्वचित बाकही येतो. म्हणून रक्त खेळतं ठेवायचं, असा डॉक्टरांचा विचार. त्याला ते पुनर्वसन म्हणतात. प्रामाणिक गोष्ट अशी की रोज गोळी घेतल्याने नसा लवकर बऱ्या होतात असं संशोधनातून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. तरीही बरेच युरोलॉजिस्ट ते सुचवतात. मी केलं, कारण काहीतरी करतोय या भावनेनेच मी दिवाणावरून उठलो.

गोळ्या

सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल ही दोन नावं ऐकाल. पहिली साधारण तासभर आधी, रिकाम्या पोटी घ्यायची. वर मिसळ-पाव चापलात तर उशीर होतो आणि जोरही कमी पडतो. परिणाम चारेक तास. दुसरी ३६ तासांपर्यंत साथ देते, जेवणाने फरक पडत नाही, आणि कमी मात्रेत रोजही देतात. दोन्ही गोळ्या आपोआप काही करत नाहीत. मनात इच्छा आणि अंगाला स्पर्श हवाच. नसा अजून झोपेत असताना त्या चालणार नाहीत. तेव्हा पहिल्या दोन गोळ्या वाया गेल्या म्हणून पाकीट फेकू नका, सहा महिन्यांनी परत करून बघा.

डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं हे नेहमीचं. अचानक दिसेनासं किंवा ऐकू येईनासं झालं तर गोळी बंद आणि थेट डॉक्टर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची औषधं घेत असाल, किंवा खिशात जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट असेल, तर या गोळ्यांना हात लावायचा नाही. रक्तदाब इतका कोसळतो की जीव जाऊ शकतो. निकोरँडिल हे हृदयाचं औषध चालू असेल तरी तेच. आणि गोळी घेतल्यानंतर कधी छातीत दुखून इस्पितळात जायची वेळ आली, तर लाज गुंडाळून "ही गोळी घेतलीय" हे पहिलं वाक्य. लघवी मोकळी व्हावी म्हणून देतात ते टॅमसुलोसिनसारखं औषध चालू असेल तर तेही आधी सांगा. हृदयाचं काही असेल तर आधी तपासणी. दोन जिने छातीत न दुखता, फार धाप न लागता चढता येतात का, ही डॉक्टरांची ढोबळ कसोटी. मी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून बघितल्या आणि वर बसून स्वतःला पास केलं.

आणि औषधाच्या दुकानाबद्दल. पहिल्यांदा गेलो तेव्हा काउंटरवर शेजारच्या बिल्डिंगमधली मुलगी उभी होती. मी क्रोसिन घेऊन परत आलो. दुसऱ्यांदा दुकानदाराचे वडील गल्ल्यावर, पुन्हा क्रोसिन. घरात क्रोसिनच्या चार पट्ट्या जमल्यावर ही म्हणाली, "अहो, ताप कुणाला आलाय?" शेवटी चिठ्ठी घडी घालून मुकाट्याने पुढे केली. त्या पोराने वरही न बघता पट्टी कापून दिली. जेनेरिक मागा, बऱ्यापैकी स्वस्त पडते.

पंप

नसा बऱ्या असोत वा नसोत, हे साधन चालतं, म्हणून त्यावर जरा जास्त बोलतो. पारदर्शक प्लॅस्टिकची नळकांडी, तिला हाताने चालवायचा किंवा बॅटरीचा पंप, आणि रबरी रिंगा. आतली हवा काढली की पोकळीमुळे लिंगात रक्त ओढलं जातं. घेताना दाब मर्यादेत ठेवणारी झडप असलेलाच घ्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

माझा कुरियरने आला. खोक्यावर काही लिहिलेलं नव्हतं, तरी वॉचमनने इंटरकॉमवर, "काका, तुमचं मशीन आलंय," असं म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. त्याला बिचाऱ्याला मिक्सर वाटला असावा.

पहिल्या दिवशी मी सगळं चुकवलं. मुळाशी केस होते, त्यामुळे हवा सुटत राहिली. जेली कमी लावली. घाईने जोरात पंप मारला आणि अंडकोषाची कातडी आत ओढली गेली. बाथरूममध्ये जो आवाज काढला तो खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार. नीट पद्धत अशी: मुळाशी केस कातरा. नळकांडीच्या कडेला आणि मुळाशी पाण्यात विरघळणारी जेली भरपूर लावा. पलंगाच्या कडेला बसून नळकांडी अंगाशी घट्ट टेकवा, अंडकोष हाताने खाली धरा. दोन-तीन दाब, मग थांबा. पुन्हा दोन-तीन. चार-पाच मिनिटं जाऊ द्या. घाई केलीत तर बारीक लाल ठिपके उठतात.

नुसता व्यायाम म्हणून करायचं तर रिंग लावायची नाही. थोडा वेळ धरायचं, सोडायचं, असं दिवसाला दहाएक मिनिटं. संबंधासाठी वापरायचं असेल तर नळकांडीवर आधीच चढवलेली रिंग मुळाशी सरकवायची आणि मग पंप काढायचा. रिंग ३० मिनिटांच्या वर ठेवायची नाही. घड्याळ समोर ठेवा, रिंग घालून झोपी जाऊ नका. ताठरता थोडी गार आणि निळसर असते, आणि मुळाशी बिजागरीसारखी हलते. रोमँटिक अजिबात नाही. आम्हाला दोघांना पहिल्यांदा हसू आवरेना, आणि त्या खोलीत खूप महिन्यांनी कोणी हसलं होतं.

इंजेक्शन आणि इम्प्लांट

गोळी आणि पंपाने भागलं नाही तर लिंगाच्या बाजूला, इन्सुलिनच्या बारीक सुईने इंजेक्शन. पापावेरिन, फेंटोलामीन, अल्प्रोस्टाडिल अशी औषधं असतात, एकेकटी किंवा मिसळून. ती थेट रक्तवाहिन्यांवर काम करतात, म्हणून नसा गेलेल्या असल्या तरी चालतात. ऐकून अंगावर काटा येतो, पण डासाइतकंच टोचतं. पहिला डोस डॉक्टरांसमोरच, तिथेच शिकून घ्यायचं, मात्रा स्वतःच्या मनाने वाढवायची नाही, आणि २४ तासांत एकदाच. ताठरता चार तासांनीही उतरली नाही तर रात्रीचे दोन वाजले असले तरी इस्पितळ गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही. उशीर झाला तर पेशी कायमच्या खराब होतात.

या उपचाराच्या सुरुवातीच्या दिवसांतली एक गोष्टही मजेशीर. १९८३ साली लास व्हेगासला युरोलॉजिस्टांच्या सभेत जाइल्स ब्रिंडली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी आधी हॉटेलच्या खोलीतच स्वतःला इंजेक्शन घेतलं, सैल पँट घालून व्यासपीठावर आले आणि पुरावा म्हणून ती खाली केली. नटूनथटून आलेल्या श्रोत्यांचं काय झालं असेल!

इम्प्लांट हा शेवटचा उपाय. घाई नको, दीड-दोन वर्षं नसांना द्या. वाकवता येणाऱ्या कांड्या स्वस्त, आणि भारतातही बनतात. पाणी भरून फुगणारा प्रकार बराच महाग, पण नैसर्गिकाच्या जास्त जवळचा. बसवल्यावर मूळच्या पेशींकडे परत जाता येत नाही, जंतुसंसर्गाचा धोका असतो, साखर ताब्यात नसेल तर जास्तच. संवेदना आणि सुखाचा क्षण मात्र तसाच राहतो. आमच्यातल्या एकाने तो बसवला आणि तो आता कट्ट्यावर सगळ्यात खुशीत असतो. का, ते फक्त मला माहीत आहे.

दिवाणावरून परत आत

पाच महिने मला वाटत होतं की हिला माझी कीव येते. हिला वाटत होतं की मला तिचा कंटाळा आलाय. दोघंही एकमेकांना जपत होतो आणि त्या जपण्यात बोलायचं राहून गेलं होतं.

ते बोलणं झालं ते मेथी निवडताना. पलंगावर बोलू नका, असंच मी सांगेन. तिथे समोरासमोर प्रत्येक वाक्य जड होतं. हात आणि डोळे कामात असले की तोंड मोकळं होतं. मेथी निवडताना, तळजाईवर चालताना, गाडीत. त्या दिवशी ही पानं खुडता खुडता म्हणाली, "अहो, तुम्ही आत झोपायला या. बाकीचं राहू दे." मी म्हणालो, "तुला चालेल?" ती म्हणाली, "मला पाठीला हात हवा असतो, तेवढंच सांगतेय."

मग आम्ही एका समुपदेशकाकडे गेलो. त्यांनी मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन जोडीची पद्धत दिली. पहिले दोन आठवडे संबंध पूर्ण बंद, म्हणजे करायचेच नाहीत असा नियम. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं, आधी एकाने दुसऱ्याच्या पाठीला, हातांना, केसांना नुसता स्पर्श करायचा, मग अदलाबदल. गुप्तांगांना हात नाही. बोलायचं ते फक्त "जरा हळू" किंवा "इथे बरं वाटतं." पुढच्या आठवड्यांत हळूहळू मर्यादा सैल. परीक्षा नाही म्हटल्यावर माझी छातीतली धडधड थांबली. सातव्या महिन्यातला तो अपघात यातच झाला: लिंग मऊच, वीर्य नाही, आणि तरीही तो क्षण आला. काहीसा वेगळा, थोडा आखूड, पण तोच. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो.

व्यावहारिक गोष्टी. आधी लघवी करून या. त्या क्षणी थोडी लघवी निसटू शकते. पुष्कळांना होतं, बायकोला त्याने काही अपाय होत नाही. खाली गडद रंगाचा टॉवेल, हवं तर कंडोम. सुरुवातीला त्या क्षणी दुखलं तर ते बहुधा कमी होत जातं. कर्करोग संबंधातून जोडीदाराला लागत नाही. हा प्रश्न विचारायला लोक फार घाबरतात म्हणून मुद्दाम लिहिलं. पूर्ण ताठरता नसली तरी हाताने, तोंडाने सुख देता-घेता येतं. आणि साठीच्या आसपासच्या बायकोला कोरडेपणाचा त्रास असतो, तो आपण कधी विचारलेला नसतो. जेली दोघांसाठी लागते. कंडोम वापरत असाल तर खोबरेल तेल नको, रबर फाटतं. त्रास जास्त असेल तर तिने स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवावं.

आणि बायकोला हे सगळं आता नकोच असेल? तर तेही तिचं उत्तर आहे. आमच्यातल्या एका जोडप्याने तसं ठरवलं, आणि ते रोज संध्याकाळी हात धरून सारसबागेत जातात. आधी जात नसत.

एकटे असाल, विधुर असाल, तर हस्तमैथुन हा रक्त खेळतं ठेवण्याचा पूर्ण वैध मार्ग आहे. ऑपरेशनची जखम भरल्यावर, डॉक्टरांना विचारून. लाज वाटत असेल तर कर्वे पुतळ्यावरून जाताना एवढं आठवा, की महर्षींच्या मुलाने, र. धों. कर्व्यांनी, १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि पुढे २६ वर्षं मराठीत या विषयावर मासिक चालवलं. आपण अजून औषधाच्या दुकानात क्रोसिन घेतोय.

मन आणि पीएसए

पीएसएच्या आठवड्यात घरात वेगळीच हवा असते. ऑपरेशननंतर तो जवळजवळ शून्य असावा लागतो, ०.२ आणि त्याच्या वर गेला की डॉक्टर पुढचा विचार करतात. त्या आठवड्यात काही जमलं नाही तर दोष शरीराला देऊ नका. भीती हा ताठरतेचा जुना वैरी आहे. पुढे कधी पुरुषी हार्मोन दाबणारी इंजेक्शनं सुरू झाली तर इच्छाच मावळते. तो त्या औषधाचा गुण, तुमच्या प्रेमाचा नव्हे, आणि हे बायकोला त्याच दिवशी सांगायचं.

मला "आता आपण पुरुष राहिलो नाही" हे वाक्य कित्येक महिने ऐकू येत होतं. आरशासमोर दाढी करताना विशेष. झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, जगू नयेसं वाटत असेल तर वाट बघू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे. उदासीची काही औषधं ताठरतेवर परिणाम करतात, म्हणून ती देणाऱ्या डॉक्टरांना ऑपरेशनबद्दल सांगा. स्वतःहून बंद मात्र करू नका.

भिंतीवरचे वैद्य

स्टेशनाजवळच्या भिंतींवर, एसटीच्या मुतारीत, आणि आता मोबाइलवर "पुरुषी ताकद, गुप्त सल्ला" अशा जाहिराती दिसतील. अशी जाहिरात करणंच १९५४च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यांच्या "शंभर टक्के आयुर्वेदिक" पुड्यांमध्ये सिल्डेनाफिल मिसळलेलं अनेकदा सापडलेलं आहे, तेही किती ते न सांगता. सॉर्बिट्रेट खिशात असलेल्या माणसाने अशी पुडी खाल्ली तर काय होईल, ते वर लिहिलंय. कट्ट्यावरच्या एकाने असल्या ठिकाणी अठरा हजार घातले आणि हातात काळी गोळी आली.

पहिल्या भेटीला

ऑपरेशन केलेल्या युरोलॉजिस्टकडेच सुरुवात करा. ते रमत नसतील तर लैंगिक तक्रारींवर काम करणारा अँड्रॉलॉजिस्ट विचारा, पुण्यात असे डॉक्टर आहेत. साताऱ्याहून, नगरहून, सोलापूरहून येणाऱ्यांनी पीएसएच्या दिवशीच ही वेळही मागून घ्यावी, दुसरी फेरी वाचते. सोबत घ्या: ऑपरेशनचा कागद, म्हणजे नसा कोणत्या बाजूच्या वाचवल्या ते कळतं, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, नुसती नावं नव्हे, शेवटची साखर आणि पीएसए, आणि ती २५ गुणांची प्रश्नावली, तेव्हाची आणि आताची. विमा असेल तर हे उपचार पॉलिसीत बसतात का, ते लेखी विचारून ठेवा, तोंडी उत्तरावर जाऊ नका.

खाजगी विषय म्हणून शेवटच्या दोन मिनिटांत, दाराच्या मुठीवर हात ठेवून विचारू नका. आत गेल्यावर पहिलं वाक्य हेच: "डॉक्टर, आज मी लघवीसाठी नाही आलो." मी हे वाक्य रिक्षात स्वारगेटपासून पाठ करत गेलो होतो. रिक्षावाल्याने दोनदा आरशातून मागे बघितलं.